मतदानाच्या दिवशी तुम्ही कुठे असाल? विधानसभेचे मत केंद्रावर, घरून आणि टपालाने कसे द्यावे

२०२४ची महाराष्ट्र विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली. यादीत नव्याने नाव घालण्यासाठी अर्ज करायची मुदत १९ ऑक्टोबरला संपली. २२ तारखेला अधिसूचना निघाली आणि तिथून पाच दिवसांत घरून मत देऊ इच्छिणाऱ्या वृद्धांचे व दिव्यांगांचे अर्जही घेणे बंद झाले. मतदान होते २० नोव्हेंबरला. प्रचाराची गाडी गल्लीत यायच्या आधीच कितीतरी लोकांचे मत देणे किंवा न देणे ठरून गेले होते, आणि त्यातल्या बहुतेकांना याचा पत्ताही नव्हता.

म्हणून हा लेख मतदान केंद्राच्या दारापासून सुरू होत नाही. आधी एका प्रश्नाचे उत्तर द्या: मतदानाच्या दिवशी तुम्ही नक्की कुठे असाल? आपल्या गावात, परगावी नोकरीवर, निवडणुकीच्या ड्युटीवर, सीमेवर, की अंथरुणावर? पुढचा सगळा मार्ग या उत्तरावर ठरतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आपण ऐकतो की तिथे बऱ्याच राज्यांत मतदानाच्या दिवसाआधी कुणीही जाऊन मत देऊन येतो. आपल्याकडे सर्वसाधारण मतदाराला ही सोय नाही. दिवस एक, केंद्र एक, यंत्र एक. मतदानाच्या दिवसाआधी किंवा केंद्राबाहेर मत देण्याची मुभा कायद्याने काही ठरावीक गटांनाच दिली आहे. तुम्ही त्या गटात बसत असाल तर अर्ज वेळेवर करा. बसत नसाल तर नाव योग्य ठिकाणी असणे हाच एक उपाय उरतो.

पहिले काम: यादीत नाव बघणे

मतदार ओळखपत्र खिशात आहे म्हणजे यादीत नाव आहे, असे होत नाही. कार्ड ओळख पटवते, मताचा हक्क यादीतल्या नावामुळे मिळतो. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा मोबाइल ॲपवर ओळखपत्राचा दहा अक्षरी-अंकी क्रमांक टाकून नाव शोधा. नाव, वय आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव टाकूनही शोधता येते. इंटरनेट जमत नसेल तर १९५० या क्रमांकावर फोन करा, नाहीतर थेट आपल्या बीएलओंना, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना विचारा. हे बहुधा जवळच्या शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात.

नाव सापडले की तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक. मतदानाच्या दिवशी ओळखपत्रापेक्षाही या तीन आकड्यांनी रांगेतला वेळ वाचतो.

हे काम निवडणूक जाहीर झाल्यावर करायचे नाही. वर्षातून एकदा, सवडीने करायचे. याद्यांची फेरतपासणी होते, स्थलांतरित आणि मयत म्हणून नावे कमी होतात, नवी केंद्रे निघून यादीचे भाग बदलतात. गोव्यात २०२५च्या अखेरीस याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे सगळ्या नावांची नव्याने तपासणी, झाले, त्यामुळे तिथल्या मतदारांनी तर नाव पुन्हा एकदा डोळ्यांनी बघून घ्यावे. गोव्याची विधानसभा ४० जागांची आणि आपली २८८ जागांची, पण या लेखातले नियम दोन्हीकडे सारखेच आहेत. दोन्ही निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात. तिथली पद्धत वेगळी आहे, इथले नियम तिकडे लावू नका.

नाव नसेल, चुकले असेल किंवा जागा बदलली असेल तर

पहिल्यांदाच नाव घालायचे असेल तर नमुना ६ भरा. सोबत फोटो, वयाचा पुरावा आणि राहण्याचा पुरावा लागतो. १८ वर्षे पूर्ण होण्याचा हिशेब आता वर्षातून चार तारखांना होतो: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १७ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्जही करता येतो, पात्र तारीख आली की नाव चढते. घरात बारावीतली मुलगी किंवा मुलगा असेल तर हा अर्ज आजच भरून टाका. पुढे कॉलेज, वसतिगृह, परगाव सुरू झाले की ते राहूनच जाते.

आधीपासून नाव आहे पण घर बदलले, नावात चूक आहे, कार्ड हरवले किंवा दिव्यांग असल्याची नोंद करायची आहे, या सगळ्यांसाठी एकच नमुना ८. इथे बरेच लोक गडबड करतात. नाशिकहून पुण्याला आले की नवीन मतदार म्हणून नमुना ६ भरतात आणि नाशिकचे नाव तसेच राहते. दोन ठिकाणी नाव असणे कायद्यात बसत नाही, आणि अर्जात खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. घर बदलल्याचा अर्ज नमुना ८ वरच करायचा, मतदारसंघ बदलला असला तरी.

मुदतीचे गणित असे: उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत एकही नाव घालता, वगळता किंवा हलवता येत नाही. अर्जाची चौकशी व्हायला दिवस लागतात, म्हणून त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज कार्यालयात पोचलेला असावा लागतो. २०२४ मध्ये उमेदवारीची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती, म्हणून मतदारांसाठी १९ ऑक्टोबर. निवडणूक जाहीर झाल्यापासून चार दिवस. तेवढ्यात कागद जमवणे, फोटो काढणे आणि सर्व्हर चालू असण्याची वाट बघणे कुणालाही जड जाते.

गावाकडचे नाव ठेवावे की राहत्या शहरात आणावे?

मुंबई, पुणे, ठाण्यात राहून नाव कोकणात, मराठवाड्यात किंवा खानदेशात ठेवलेली लाखो माणसे आहेत. गावाशी असलेली ओढ मी समजू शकतो. पण कायद्याची कसोटी तुम्ही सामान्यतः कुठे राहता ही आहे. गावात घर किंवा जमीन आहे, एवढ्यावर तिथले मतदार होता येत नाही. उलट, काही काळ कामासाठी बाहेर गेलात म्हणून गावचे राहणेही लगेच संपत नाही.

माझे मत सरळ आहे. वर्षाचे बहुतेक दिवस जिथे काढता, जिथला रस्ता, पाणी आणि दवाखाना रोज वापरता, तिथे नाव आणा. परगावी असलेल्या मतदाराला मतपत्रिका टपालाने मागवता येत नाही. नोकरीसाठी बंगळुरूला असलेल्या साताऱ्याच्या माणसाला नाही, सुरतच्या कारखान्यात असलेल्या नंदुरबारच्या माणसालाही नाही. एकाच यंत्रावरून वेगवेगळ्या मतदारसंघांचे मत देता येईल अशा दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे मांडला होता. तो अजून प्रत्यक्ष मतदानात आलेला नाही. त्यामुळे नाव गावी ठेवायचे असेल तर मतदानाच्या दिवशी गावी पोचायचेच, असे ठरवूनच ठेवा आणि तारीख जाहीर झाल्याच्या दिवशी गाडीचे तिकीट काढा.

वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना निवड करता येते. आईवडिलांच्या घरी नाव ठेवा किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदवा, त्यासाठी संस्थेच्या प्रमुखांचा दाखला चालतो. दोन्हीकडे मात्र नाही.

सगळ्यात मोठा अन्याय ऊसतोड मजुरांवर होतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबे पावसाळा संपला की पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कोयता घेऊन निघतात आणि विधानसभेची निवडणूक नेमकी याच सुमाराला येते. २००९, २०१४ आणि २०१९ ला मतदान ऑक्टोबरात झाले, २०२४ ला २० नोव्हेंबरला. टपाली मतदानाच्या यादीत ऊसतोड मजूर नाहीत. त्यांच्या हातात एकच गोष्ट असते: मुकादमाशी बोलताना, उचल घेतानाच मतदानाच्या दिवशी परत येण्याजाण्याचे बोलून घेणे. कायदा त्यांच्या बाजूने एवढाच आहे की मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी लागते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१च्या कलम १३५ ब प्रमाणे ही सुट्टी धंदा, व्यापार, उद्योग किंवा इतर कोणत्याही आस्थापनेत कामाला असलेल्या प्रत्येक मतदाराला आहे, रोजंदारीवरच्यालाही. पगार कापणाऱ्या मालकाला दंड आहे. तो पाचशे रुपयांपर्यंतच आहे, पण हक्क हक्कच असतो, तो सांगून मागावा.

परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांचेही असेच. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले नसेल तर नमुना ६अ भरून पासपोर्टवरच्या मूळ पत्त्याच्या यादीत नाव घालता येते. मत देण्यासाठी मात्र स्वतः यावे लागते आणि केंद्रावर मूळ पासपोर्टच चालतो.

घरून मतदान: ८५ वर्षांवरील आणि दिव्यांग मतदार

महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीत ही सोय पहिल्यांदा २०२४ मध्ये मिळाली. तिच्याबद्दल अजूनही घरोघरी अर्धवटच माहिती आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पात्र कोण? यादीतल्या नोंदीप्रमाणे वय ८५ किंवा त्याहून अधिक असलेले मतदार, आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेले मतदार. आधी ही वयाची अट ८० होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ झाली. लक्षात घ्या, वय यादीतले धरतात. आजोबा खरे ८७ वर्षांचे आहेत पण यादीत ८२ लिहिले आहे, अशी उदाहरणे जुन्या पिढीत भरपूर सापडतात, कारण पहिली नोंद कुणीतरी अंदाजाने केलेली असते. ती चूक नमुना ८ भरून आधीच दुरुस्त करून घ्यावी लागते. दिव्यांगत्वाची नोंदही यादीत आधीच करून ठेवली तर बीएलओ स्वतःहून तुमच्या दारी येतात.

अर्जाचे नाव नमुना १२ड. अधिसूचना निघाली की बीएलओ पात्र मतदारांच्या घरी हा नमुना घेऊन येतात आणि भरलेला परत नेतात. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे अधिसूचनेपासून पाच दिवसांत पोचला पाहिजे. बीएलओ आले नाहीत तर वाट बघत बसू नका, फोन करा किंवा घरातल्या कुणीतरी तहसील कार्यालयात जाऊन चौकशी करा. दिव्यांग मतदारांनी दाखल्याची प्रत जोडायची. मोबाइल क्रमांक लिहायला विसरू नका, कारण पथक कधी येणार हे त्यावरच कळते.

ही सोय ऐच्छिक आहे. चालत किंवा खुर्चीवर बसून केंद्रावर जायची उमेद असलेल्या आजींनी जरूर केंद्रावर जावे. पण एकदा १२ड मंजूर झाला की यादीत त्यांच्या नावापुढे टपाली मतदानाची खूण होते आणि मग केंद्रावर मत देता येत नाही. दोन्ही दारे उघडी ठेवण्याची सोय नाही, त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्यांनाच विचारा.

ठरलेल्या दिवशी घरी पथक येते. त्यात दोन मतदान अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा असतो. उमेदवारांना वेळापत्रक आधी दिलेले असते, त्यांचे प्रतिनिधी बरोबर येऊ शकतात. ओळख पटवली जाते, मतपत्रिका दिली जाते, आणि आडोशाची सोय केली जाते. चित्रीकरण प्रक्रियेचे होते, खूण करतानाचे नाही. आजी-आजोबा घरी नसतील तर पथक आणखी एकदाच येते, तिसऱ्यांदा नाही. म्हणून त्या दिवसांत दवाखान्याची तारीख किंवा लेकीकडे जाणे पुढे ढकलता आले तर ढकला.

आता कुटुंबीयांना एक विनंती. केंद्रावर पुठ्ठ्याच्या आडोशामागे माणूस एकटा असतो. घरात मात्र मुलगा, सून, नातू, शेजारी सगळे भोवती उभे राहतात आणि कुणीतरी म्हणतेच, आजी, वरून दुसरे. हे करू नका. खोलीबाहेर जा. डोळ्यांनी दिसत नसेल किंवा हात थरथरत असेल तर त्या सांगतील त्या एकाच सोबत्याने मदत करावी, आणि त्यानेही त्यांचे मत कुणाला सांगू नये.

टपाली मतपत्रिका भरताना काय चुकते

घरून मत देणारा असो, ड्युटीवरचा कर्मचारी असो की सैनिक, मतपत्रिका आणि पाकिटांची रचना बरीचशी सारखी आहे. एक मतपत्रिका असते. एक घोषणापत्र असते, नमुना १३अ, त्यावर मतदाराची सही आणि अधिकाऱ्याचे साक्षांकन लागते. एक लहान पाकीट असते, १३ब, आणि एक मोठे, १३क.

पसंतीच्या उमेदवारासमोर पेनाने बरोबरची किंवा फुलीची एकच स्पष्ट खूण करा. मतपत्रिकेवर सही, नाव, टिप्पणी काहीही लिहू नका. मतपत्रिका लहान पाकिटात घालून ते चिकटवा. घोषणापत्र लहान पाकिटात घालायचे नाही. ते बाहेर ठेवून, लहान पाकीट आणि घोषणापत्र असे दोन्ही मोठ्या पाकिटात घाला.

मतमोजणीच्या टेबलावर आधी मोठे पाकीट उघडून घोषणापत्र तपासतात. ते नसेल, सही किंवा साक्षांकन नसेल, किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक लहान पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर लहान पाकीट उघडलेच जात नाही. घोषणापत्र चुकून आत चिकटवलेल्यांचे मत असेच वाया जाते. २०२४ मध्ये मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी आणि साकोलीचा २०८ मतांनी लागला. एवढ्या अंतरात एका मोठ्या कार्यालयातल्या चुकीच्या पाकिटांचाही फरक पडू शकतो. विजयाचे अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती बाद पाकिटे पुन्हा तपासण्याचा नियमही म्हणूनच आहे.

निवडणूक ड्युटी आणि अत्यावश्यक सेवा

शिक्षक, तलाठी, लिपिक, पोलीस, होमगार्ड, वाहनचालक, चित्रीकरण करणारे अशा सगळ्यांना ड्युटीमुळे आपल्या केंद्रावर जाता येत नाही. विधानसभेला कर्मचाऱ्यांना सहसा आपल्या मतदारसंघाबाहेर नेमतात, त्यामुळे बहुतेकांना नमुना १२ भरून टपाली मतपत्रिका घ्यावी लागते. ज्यांची ड्युटी आपल्याच मतदारसंघात आहे त्यांनी नमुना १२अ भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे ड्युटीच्या केंद्रावरच यंत्रावर मत देता येते. दोन्ही नमुने पहिल्या प्रशिक्षणाच्या दिवशी मिळतात, तिथेच भरून द्या. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक त्यात लिहावाच लागतो, तो सोबत घेऊनच प्रशिक्षणाला जा.

पूर्वी मतपत्रिका घरी नेऊन मोजणीपर्यंत कधीही पाठवता यायची. २०२३च्या नियम दुरुस्तीनंतर ड्युटीवरच्यांना मत सुविधा केंद्रावरच द्यावे लागते. प्रशिक्षणाच्या ठिकाणी हे केंद्र असते. चहा झाला, हजेरी झाली आणि रांग मोठी आहे म्हणून निघून आलात तर मत गेले. मला हा बदल योग्य वाटतो, कारण घरी नेलेल्या मतपत्रिकांवर डोळा ठेवणारे पुष्कळ असायचे.

अत्यावश्यक सेवांचे वेगळे आहे. रेल्वे, वीज, आरोग्य, रुग्णवाहिका, अग्निशमन, विमान वाहतूक, दूरसंचार अशा सेवा आणि आयोगाचे अधिकारपत्र असलेले पत्रकार यांतल्या कोणत्या गटांना ही सवलत आहे ते प्रत्येक निवडणुकीसाठी जाहीर होते. त्या दिवशी कामावर असणाऱ्यांनी नमुना १२डच भरायचा, पण आपल्या विभागाच्या समन्वय अधिकाऱ्याच्या सहीने. मत टपाली मतदान केंद्रावर जाऊन द्यायचे. हे केंद्र मतदानाच्या आधीच, ठरवून दिलेल्या तीन दिवसांत उघडे असते. सामान्य माणसाच्या दृष्टीने मतदानाच्या दिवसाआधी मत देण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी सोय हीच. रात्रपाळीतल्या परिचारिकेने किंवा वीज उपकेंद्रातल्या तंत्रज्ञाने तिची चौकशी अधिसूचना निघाल्याच्या दिवशीच कार्यालयात करावी. इथेही पाच दिवसांचीच मुदत आहे.

सैनिक मतदार

सातारा, कोल्हापूर, सांगलीकडच्या कितीतरी घरांत एकतरी माणूस फौजेत असतो. सैन्यदलातले जवान, केंद्रीय सशस्त्र दलांतले जवान, राज्याबाहेर तैनात राज्याचे सशस्त्र पोलीस आणि परदेशात नेमणूक झालेले सरकारी कर्मचारी यांची नावे गावच्या यादीत शेवटच्या स्वतंत्र भागात असतात. अर्ज युनिटमार्फत जातो. जवानाच्या सोबत राहणारी पत्नी त्याच भागात नाव घालू शकते. पत्नी गावी राहत असेल तर तिचे नाव गावच्या सर्वसाधारण यादीतच हवे. तिचे नाव एकाच वेळी दोन्हीकडे राहिलेले नाही ना, हे घरच्यांनी तपासून बघावे.

सैनिकांची मतपत्रिका आता ऑनलाइन जाते. पिन टाकून ती उतरवून घ्यायची, छापायची, खूण करायची, घोषणापत्रावर अधिकाऱ्याची साक्ष घ्यायची आणि पाकीट टपालाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पाठवायचे. मतमोजणीच्या दिवशी मोजणी सुरू होण्याआधी, म्हणजे सकाळी ८ च्या आत, ते पोचले पाहिजे. उमेदवारी मागे घेण्याची तारीख उलटल्याशिवाय मतपत्रिका छापताच येत नाही. २०२४ मध्ये ती तारीख ४ नोव्हेंबर होती आणि मोजणी २३ ला. लेह किंवा तवांगहून निघालेल्या पाकिटाला तीन आठवडेही मिळत नाहीत. म्हणून मतपत्रिका आली त्याच दिवशी भरून टपालात टाकावी.

सैन्यदलातल्या मतदारांना आणखी एक मार्ग आहे, प्रतिनिधीमार्फत मतदानाचा. आपल्या मतदारसंघात राहणाऱ्या एका प्रौढ माणसाला, भावाला किंवा वडिलांना, नमुना १३फ भरून प्रतिनिधी नेमता येते. तो माणूस केंद्रावर स्वतःचे मत देतो आणि जवानाचेही. जवानाच्या मतासाठी शाई त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात.

केंद्रावर मत देणार असाल तर

बीएलओ घरी मतदार चिठ्ठी आणून देतात. तिच्यावर केंद्राचा पत्ता असतो. तो नीट वाचा. राज्यात आता एक लाखाहून अधिक केंद्रे आहेत आणि शहरांत मोठ्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आवारातही नवी केंद्रे निघाली आहेत. गेल्या वेळची शाळा यंदाही असेल असे धरून चालू नका. चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही.

ओळखीसाठी मतदार ओळखपत्र न्या. ते नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, मनरेगाचे जॉब कार्ड, बँकेचे किंवा पोस्टाचे फोटो असलेले पासबुक, फोटो असलेले निवृत्तिवेतनाचे कागद, सरकारी नोकरीचे ओळखपत्र किंवा दिव्यांगांचे विशेष ओळखपत्र यांपैकी एक चालते. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे फोनमधल्या कार्डावर विसंबू नका. दुसऱ्या मतदारसंघात काढलेले जुने मतदार ओळखपत्रही चालते, नाव इथल्या यादीत असले म्हणजे झाले.

वेळ साधारण सकाळी ७ ते संध्याकाळी ६. गडचिरोलीसारख्या भागात ती दुपारी ३ पर्यंतच असू शकते. शेवटच्या वेळी रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मत देता येते. रांगेच्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत येतात, ती चिठ्ठी हातात असेपर्यंत कुणी घरी पाठवले तरी जायचे नाही. वृद्ध, दिव्यांग आणि कडेवर लेकरू असलेल्या बायांना रांगेत प्राधान्य आहे, त्यांनी संकोच न करता पुढे जावे.

आत पहिला मतदान अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतो. दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन यंत्र तुमच्यासाठी सुरू करतो. आडोशामागे यंत्रावर हिरवा दिवा लागलेला दिसेल. आपल्या उमेदवाराच्या नावासमोरचे निळे बटण दाबा. तिथला लाल दिवा लागतो, शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या, खिडकीत उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग ती खाली पडते आणि लांब शिट्टी वाजते. ते सात सेकंद तिथेच थांबा आणि वाचा. एका यंत्रावर सोळा नावे मावतात, उमेदवार जास्त असतील तर दुसरे यंत्र जोडलेले असते, आणि वरीलपैकी एकही नाही हा पर्याय सगळ्यांत शेवटी असतो. अंध मतदारांसाठी यंत्रावर ब्रेल अंक असतात, आणि १८ वर्षांवरील एक सोबती नेता येतो. हा सोबती दिवसभरात एकाच मतदारासोबत जाऊ शकतो.

आणि आत गेल्यावर कळले की तुमच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेले आहे, तर? बहुतेक लोक चिडतात, वाद घालतात आणि मत न देता परततात. परतू नका. केंद्राध्यक्षांना सांगा की मला प्रदत्त मत द्यायचे आहे. तुमची ओळख पटली की ते यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका देतात, तिची नोंद नमुना १७ब मध्ये करतात आणि ती वेगळ्या पाकिटात सीलबंद होते. मोजणीच्या दिवशी ती मोजली जात नाही. पण निकाल न्यायालयात गेला तर तिथे ती उघडता येते. राजस्थानात नाथद्वाराची २००८ची विधानसभा निवडणूक एका मताने लागली, आणि तिथल्या प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.